रेघ शेजारच्या शिवारात सरकवू नका



२०२४ च्या सुरुवातीला नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाची अधिसूचना निघाली आणि आपली जमीन जाणार हे सोलापूर जिल्ह्यातल्या अनेकांना गट नंबरांच्या यादीतून कळले. मूळ आराखडा असा: वर्ध्याच्या पवनारपासून सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, सुमारे ८६ हजार ३०० कोटी रुपये. किलोमीटरला शंभर कोटींच्या वर. तेव्हापासून मोजणी अडवणे, रास्ता रोको, धरणे, निवेदने, सगळे झाले. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि त्यासोबतच्या कामांसाठी २० हजार ७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. आठवडाभरात, १ जुलैला, कृषी दिनाच्याच दिवशी शेतकरी जिल्ह्याजिल्ह्यांत रस्त्यावर उतरले.

मग डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सोलापूरपासून पुढचा मार्ग बदलण्याची घोषणा केली. खरा धोका इथून सुरू होतो, आणि म्हणूनच हे आवाहन आत्ता करावे लागते आहे. जुन्या रेघेवरच्या गावांना वाटेल, सुटलो. नव्या रेघेवर कोणाचे शिवार येणार हे त्या गावाला मोजणीची माणसे बांधावर येईपर्यंत कळणार नाही. सुटलेले घरी बसले आणि अडकणारे अजून उठलेच नाहीत, तर मधल्या काळात सगळे कागद पूर्ण होतील. कोल्हापुरात २०२४ साली राजू शेट्टी, सतेज पाटील यांच्यासारख्या नेत्यांपासून गावागावांतल्या साध्या शेतकऱ्यांपर्यंत सगळे एका आवाजात बोलले. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सरकारला त्या जिल्ह्यापुरते भूसंपादन मागे घ्यावे लागले. पण महामार्ग रद्द झाला नाही. उरलेल्या अकरा जिल्ह्यांच्या पदरात तो तसाच राहिला.

या रस्त्याला साधारण शंभर मीटर रुंदीचा पट्टा लागतो. एक हेक्टर म्हणजे शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे १.३४ हेक्टर जमीन आहे. रेघ एखाद्या सरासरी शेतकऱ्याच्या चौकोनी रानातून गेली, तर त्या माणसाकडे काय उरेल याचा हिशोब मांडायला अभियंता लागत नाही. उरेल ती एखादी चिंचोळी पट्टी. विहीर रस्त्याच्या अल्याड, पट्टी पल्याड. हा प्रवेश-नियंत्रित महामार्ग आहे, दोन्ही बाजूंना कुंपण असते, बैलगाडी सोडा, पाण्याची पाइपलाइनसुद्धा परवानगीशिवाय खालून नेता येत नाही. भुयारी मार्ग जिथे दिला असेल तिथपर्यंत वळसा घालून रोज आपल्याच रानात जायचे. ज्याची पूर्ण जमीन गेली त्याच्याबद्दल निदान बोलले जाते. ज्याच्या रानाचे असे तुकडे पडतात, त्याच्या नुकसानीला मोबदल्याच्या तक्त्यात पुरती जागा नसते.

आणि जमीन कोणती जाते आहे? पाऊस कमी, उन्हाळा निर्दय, अशा या जिल्ह्यात माणसांनी पिढ्या घालवून माळ पिकाखाली आणला. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत द्राक्षाची सोनाका जात तयार केली. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे आहे. हे सगळे उजनी धरणाच्या पाण्याने आपोआप झालेले नाही. त्या पाण्यासाठी आधीच्या पिढीची गावे धरणाखाली गेली. त्याच जिल्ह्याकडे आता पुन्हा जमीन मागितली जाते आहे. धरण शेतीसाठी होते. हा रस्ता कशासाठी, हे मात्र आजवर पटेल असे कोणी सांगितलेले नाही.

देवस्थाने जोडण्यासाठी, असे सांगतात. आई भवानी, पांडुरंग, स्वामी समर्थ यांच्यावर आपली श्रद्धा आहे, म्हणूनच हे स्पष्ट बोलले पाहिजे. नागपूर–रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग आजच वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा जातो. बहुतेक अंतर तो शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीजवळूनच धावतो. पालखीमार्गांचे रुंदीकरण वेगळे झाले आहे. तुळजापूरला किंवा पंढरपूरला जाणारा भाविक रस्ता नाही म्हणून आजवर परत फिरलेला नाही. राज्यावर आधीच कर्जाचा डोंगर आहे, भूसंपादनासाठीही हुडकोकडून १२ हजार कोटींचे कर्ज काढायचे ठरले आहे, आणि वित्त विभागानेही या बोज्याबद्दल सावध केल्याचे वृत्तपत्रांत छापून आले. हे कर्ज टोलमधून आणि करांमधून तुम्हीआम्हीच फेडणार आहोत, जमीन गेली असो वा नसो.

याच जिल्ह्यात दुसरी रेघही आहे. सुरत–चेन्नई मार्गाचा नाशिक–सोलापूर–अक्कलकोट हा ३७४ किलोमीटरचा टप्पा केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ डिसेंबर २०२५ ला मंजूर केला. त्यावर बार्शीपासून अक्कलकोटपर्यंतच्या शेतकऱ्यांनी मोबदल्यासाठी आधीच पुष्कळ भांडून घेतले आहे. ग्रामीण भागात बाजारभावाला किती गुणांक लावायचा हे राज्य ठरवते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तो एक ते दोन ठेवता येतो आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. गुणांक दोन असेल तर बाजारभावाच्या चौपट, एक असेल तर दुप्पट. २०२१ मध्ये राज्याने राष्ट्रीय महामार्गांसाठी तो एकवर आणला. समृद्धी महामार्गाच्या वेळचे दर ऐकून चौपटीची आशा धरलेल्या शेतकऱ्याच्या हातात निम्मा आकडा पडला, तो यामुळे.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. महामार्गांच्या कायद्यांखाली होणाऱ्या संपादनाला २०१३ च्या कायद्यातली शेतकऱ्यांच्या संमतीची आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची अट लागू होत नाही. मोबदल्याचे कलम लागू होते, संमतीचे होत नाही. तुमची सही नसली तरी जमीन जाऊ शकते. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ अ ची अधिसूचना निघाल्यावर हरकतीला फक्त २१ दिवस असतात, आणि ३ ड ची अधिसूचना प्रसिद्ध झाली की जमीन त्याच क्षणी सरकारच्या मालकीची होते. मग उरतो तो दराचा वाद. त्यामुळे ओरडायचे ते आधी, आणि एकट्याने ओरडून भागत नाही.

प्रश्न पाण्याचाही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने काय केले ते माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर आणि दक्षिण सोलापूरच्या लोकांना सांगायला नको. जनावरे वाहून गेली, माती खरवडून गेली, महामार्ग बंद पडले. कोल्हापूर–सांगलीकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर रस्त्यांच्या उंच भरावांनी पाणी कसे अडवून धरले याची चर्चा गावोगाव झाली. सीनेच्या आणि भीमेच्या पूरक्षेत्रात आणखी किती किलोमीटर भराव पडणार, त्याखाली मोऱ्या किती, त्यांचा हिशोब कोणत्या वर्षाच्या पावसावर केला, हा प्रश्न प्रत्येक नदीकाठच्या ग्रामपंचायतीने लेखी विचारला पाहिजे.

आता शहरवासीयांशी. जमीन गावाची जाणार, आपले काय, असे वाटत असेल तर आपला रोजचा कचरा कुठे जातो ते बघा. घंटागाडी दारातून गेली की आपला संबंध संपतो. तुळजापूर रस्त्याकडच्या, भोगावकडच्या लोकांचा तिथून सुरू होतो. दुर्गंध, माश्या, उन्हाळ्यात पेटलेल्या ढिगांचा धूर आणि विहिरीत झिरपणारे काळे पाणी. गाव म्हणजे मोकळी जागा, तिथून रस्ता काढावा, तिथे कचरा टाकावा, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे, आणि त्यातला दुसरा भाग आपण शहरातली माणसे रोज अमलात आणतो.

औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, काय झाले ते आठवा. नारेगावच्या लोकांनी तीन दशकांहून अधिक काळ शहराचा कचरा सोसला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी गाड्या अडवल्या, उच्च न्यायालयानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. शहरात रस्त्यारस्त्यावर ढीग साचले. महापालिकेने काय केले? प्रक्रिया केंद्रे उभारण्याऐवजी आधी दुसरी गावे शोधली. पडेगाव, मिटमिटा, कांचनवाडी. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली, माणसे जखमी झाली. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडीची प्रक्रिया केंद्रे त्यानंतर उभी राहिली. नारेगावचा ढीग मिटमिट्याच्या माथी मारायचा प्रयत्न झाला नसता, तर त्या दिवशीची डोकी फुटली नसती. पुण्याच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीनेही हेच भोगले. सोलापूरने त्या वाटेने जाऊ नये.

म्हणून गावांना विनंती आहे. जुन्या रेघेवरचे गाव असो, नव्या रेघेवरचे असो वा कुठल्याच रेघेवर नसलेले, येत्या ग्रामसभेत ठराव करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, ग्रामसभेचे हे दिवस ठरलेले आहेत, पण त्यांची वाट पाहू नका, विशेष ग्रामसभा मागा. ठरावात ‘आमच्या गावातून नको’ असे लिहू नका. ‘समांतर महामार्ग असताना हा महामार्ग नको, आणि तो शेजारच्या गावाच्या शिवारात सरकवण्यासही आमचा विरोध आहे’ असे लिहा. ही एक ओळ महत्त्वाची आहे. गावागावांत भांडण लावून रेघ ओढायची सोय त्यामुळे बंद होते.

सातबारा, फेरफार आणि ई-पीक पाहणी आजच तपासा. विहीर, कूपनलिका, पाइपलाइन, शेततळे, बांधावरची झाडे, गोठा यांची नोंद आणि फोटो तारखेसह ठेवा. मोजणीच्या पंचनाम्यात जे आले नाही, त्याचे पैसे मागताना पुढे वर्षे जातात. विरोध करणाऱ्यानेही हे करावे. कागद पक्का ठेवला म्हणून विरोध कच्चा होत नाही. कोऱ्या किंवा न वाचलेल्या संमतिपत्रावर सही करू नका. घरातल्या बायकांची नावे सातबाऱ्यावर असतील, तर त्यांना ग्रामसभेत आणि हरकतीच्या सुनावणीला घेऊन या. त्यांची जमीन त्यांच्या गैरहजेरीत देऊ नका.

माहितीच्या अधिकारात मार्गाचा नकाशा आणि पर्यावरण परिणामांचा मसुदा मागा. पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. त्या सुनावणीत मंडप रिकामा राहिला तर इतिवृत्तात ‘विरोध नाही’ असे लिहिले जाईल. वकील मित्रांनी पुढे यावे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आहे, सोलापूर त्याच्या कक्षेत आहे, मुंबईपर्यंत धावायची गरज उरलेली नाही. कचऱ्याच्या बाबतीत हरित न्यायाधिकरणाचे पुण्याचे खंडपीठ आहे.

शहरातल्यांनी ओला आणि सुका कचरा आजपासून वेगळा द्यावा, आणि घंटागाडीत तो पुन्हा एकत्र ओतला जातो का हे पाहून नगरसेवकाला जाब विचारावा. वसाहतीचा ओला कचरा वसाहतीतच जिरवण्याची मागणी प्रभागात लावून धरावी. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमी वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरींपासून निदान २०० मीटर, नदीपासून १०० मीटर दूर असावी असे म्हटले होते. आपल्या डेपोभोवतीचे अंतर, भूजलाच्या तपासणीचे अहवाल आणि जुन्या ढिगाच्या विल्हेवाटीचा ताळेबंद महापालिकेकडून लेखी मागावा. भोगावची माणसे पुढच्या वेळी धरणे धरायला पूनम गेटसमोर बसतील तेव्हा त्यांच्याशेजारी आसरा चौकातली, सात रस्त्यावरची, विडी घरकुलातली माणसेही बसलेली दिसली पाहिजेत.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. ग्रामसभांच्या ठरावांच्या प्रती घेऊन गावे आणि कचऱ्याच्या प्रश्नांची निवेदने घेऊन शहराचे प्रभाग, सगळ्यांनी येत्या पहिल्या सोमवारी एकत्र तिथे यावे. दोन प्रती आणा, एकीवर पोच घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.