विश्लेषण : सुख सोडा, असे बुद्धांनी सांगितले होते का?

‘इच्छा हेच दुःखाचे मूळ’ हे वाक्य बुद्धांच्या चित्राखाली छापून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर रोज सकाळी येते. त्यातून एक समज पक्का झाला आहे : बुद्धांना सुखाचे वावडे होते, आणि आवडीचे जेवण, गाणे, पावसाळ्यातला घाट, जवळची माणसे या सगळ्यांतून मन काढून घेणे म्हणजेच बौद्ध विचार. पाली ग्रंथांत मात्र हा विषय इतका सोपा नाही. सुख मिळाल्यावर मन पुढच्या क्षणी काय करते, हा तिथला खरा प्रश्न आहे.

सुख आणि आसक्ती यांत फरक कुठे?

मराठी वाचकाची पहिली अडचण शब्दांतच आहे. आपल्याकडे ‘वेदना’ म्हणजे दुखणे. पालीत ‘वेदना’ म्हणजे कोणतीही संवेदना. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली. ‘राग’ म्हणजे आपल्याकडे संताप, तिथे ओढ, आकर्षण. हे दोन शब्द मराठी अर्थाने वाचले की बुद्ध एकदम रुक्ष आणि दुःखी वाटू लागतात.

प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत क्रम असा आहे : आधी ‘फस्स’ म्हणजे स्पर्श किंवा संपर्क, त्यातून वेदना, वेदनेतून ‘तण्हा’ म्हणजे तृष्णा आणि तृष्णेतून ‘उपादान’. हापूसची पहिली फोड तोंडात टाकली की जिभेला जे वाटते ती सुखद वेदना. ती आपोआप उठते, त्यात दोष काही नाही. अर्हतालाही आंबा गोडच लागणार. पण ती फोड गिळण्याआधीच हात दुसऱ्या फोडीकडे गेलेला असतो. ही तृष्णा. आणि ‘देवगडचाच हवा, नाही तर सीझन वाया गेला’ इथवर गाडी आली की ते उपादान. या शब्दाचा एक अर्थ पकडणे आणि दुसरा इंधन. आग जळत राहायला जे घालावे लागते ते उपादान, आणि ते घालणे थांबले की विझणे म्हणजे निब्बान, अशी ती प्रतिमा आहे.

मज्झिम निकायातील चूळवेदल्ल सुत्तात विशाख हा गृहस्थ धम्मदिन्ना या भिक्खुणीला वेदनांबद्दल नेमके प्रश्न विचारतो. (परंपरा सांगते, की भिक्खुणी होण्यापूर्वी ती त्याचीच पत्नी होती.) तिच्या उत्तराचा आशय असा : सुखद वेदना टिकते तोवर सुख देते, बदलते तेव्हा दुःख देते, दुःखद वेदनेचे बरोबर उलट. सुखद वेदनेच्या तळाशी ओढ सुप्तपणे दडलेली असते, पण प्रत्येकच सुखाच्या तळाशी ती असते असे नाही. ही उत्तरे बुद्धांच्या कानावर घातली गेली, तेव्हा आपणही हेच सांगितले असते, असा निर्वाळा त्यांनी दिला. ‘प्रत्येकच नाही’ हा अपवाद महत्त्वाचा आहे, कारण बुद्धांचा स्वतःचा मार्गच त्या अपवादातून निघाला.

बुद्ध सुखाला कधी घाबरत होते?

होते, आणि ते त्यांनीच सांगितले आहे. महासच्चक सुत्तात ते आपल्या तपश्चर्येचा काळ आठवतात. श्वास कोंडून पाहिला, अन्न जवळजवळ सोडले, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागावा इतके शरीर वाळले. तरी ज्ञान नाही. सुखाचा शेवटचा थेंब पिळून काढला तरच मुक्ती मिळते, हे त्या काळच्या अनेक श्रमणांचे गृहीतक होते, आणि त्यांनी ते पूर्ण प्रामाणिकपणे तपासून पाहिले.

मग त्यांना लहानपणीची एक दुपार आठवली. वडील कामात होते (अट्ठकथांच्या मते तो नांगरणीचा उत्सव होता) आणि मुलगा जांभळीच्या गार सावलीत एकटाच बसला होता. कसलीही मागणी नसलेले, शांत, प्रसन्न असे मन त्याने तेव्हा अनुभवले होते. हाच तर मार्ग नसेल? त्यापुढचा प्रश्न सगळ्या बौद्ध विचाराला वळण देणारा आहे : ज्या सुखाचा वासनेशी आणि वाईट वृत्तींशी संबंध नाही, त्या सुखाला आपण का घाबरतो आहोत? उत्तर मिळाले, घाबरायचे कारण नाही. पण इतक्या खंगलेल्या शरीराने ते सुख साधणार नाही, म्हणून त्यांनी भात खाल्ला. सोबतच्या पाच तपस्व्यांना हा चक्क चैनीचा मार्ग वाटला आणि ते त्यांना सोडून निघून गेले.

म्हणजे बुद्धांवर पहिला आरोप झाला तो सुखासीन झाल्याचा. सकाळच्या संदेशांत हा प्रसंग सहसा येत नाही. मात्र याच सुत्तात पुढे एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगतात : ध्यानातले ते सुख आले, पण त्याने मनाचा ताबा घेतला नाही. सुखाला दार उघडायचे, घराची किल्ली मात्र द्यायची नाही, असा हा व्यवहार आहे.

वाईट दिवशी हात फोनकडेच का जातो?

दोन बाणांची उपमा आता बऱ्यापैकी माहीत आहे. पहिला बाण शरीराला लागतो. त्यावर रडणे, चिडणे, छाती पिटणे हा दुसरा बाण माणूस स्वतःच मनाला मारून घेतो. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात ती आहे. पण हे सुत्त पुढे जे म्हणते, ते फारसे कोणी सांगत नाही. दुःखद वेदना झाली की सामान्य माणूस इंद्रियसुखाकडे धावतो, कारण दुःखातून सुटण्याचा दुसरा रस्ताच त्याला ठाऊक नसतो.

साहेबांनी चारचौघांत बोलल्यावर लोकलमध्ये उघडलेले रील, भांडण झाल्यावर मागवलेली बिर्याणी, झोप येत नाही म्हणून रात्री दीडला चाललेली ऑनलाइन खरेदी. यातले सुख खोटे नाही. ते औषध म्हणून घेतले जाते आणि औषध म्हणून चालत नाही, ही तक्रार आहे. माणूस लोभी आहे म्हणून नव्हे, तर त्याला दुसरे काही शिकवलेले नाही म्हणून तो तिकडे वळतो, हे निदान बरेच करुणेचे आहे. दुसऱ्याला ‘तू मोहात अडकलास’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे सुत्त एकदा वाचायला हरकत नाही.

आवडणे आणि हवेसे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधुनिक मेंदूविज्ञानातही मांडले गेले आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळपास संपवून पाहिले. ते उंदीर स्वतःहून खायला जाईनात. पण तोंडात साखरेचे पाणी सोडले की चव आवडल्याच्या नेहमीच्या खुणा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत. चव आवडत होती, ओढ गेली होती. (इथे लगेच ‘विज्ञानाने बुद्धांना खरे ठरवले’ असा संदेश पुढे ढकलायची घाई नको. उंदराचा मेंदू आणि मुक्तीचा मार्ग हे वेगळे विषय आहेत.) तरीही वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये फट आहे, ही कल्पना निव्वळ शब्दांचा खेळ नाही, एवढे यातून म्हणता येते.

मग मजा करा, फक्त ‘अनासक्त’ राहा?

सध्या चलनात असलेले हे दुसरे वाचन पहिल्यापेक्षा गोड आहे आणि म्हणूनच अधिक फसवे. जे हवे ते घ्या, जाणीवपूर्वक घ्या, ‘क्षणात’ राहा. चॉकलेटपासून रिसॉर्टपर्यंत सगळ्याची जाहिरात या भाषेत होऊ लागली आहे. बुद्धांनी एवढी मोकळीक दिलेली नाही. कोणत्याही सुखाकडे तीन अंगांनी पाहा, असे ते सांगतात : अस्साद म्हणजे त्यातली गोडी, आदीनव म्हणजे त्यातला धोका आणि निस्सरण म्हणजे त्यातून बाहेर पडण्याची वाट. गोडी नसतीच तर कोणी अडकलेच नसते, हे ते मान्य करतात. नवे वाचन मात्र गोडीपाशीच थांबते.

चूळधम्मसमादान सुत्तात एक गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या शेवटी एका साल वृक्षाच्या बुंध्याशी मालुवा वेलीचे बी पडते. झाडावरची देवता घाबरते. शेजारच्या देवता धीर देतात, की घाबरू नकोस, बी एखादा मोर गिळेल, हरिण खाईल, वणव्यात जळेल. तसे काही होत नाही. पाऊस पडतो, वेल उगवते, झाडाला बिलगते. तिचा स्पर्श इतका मऊ असतो, की देवतेला वाटते, हिला आपण उगाच घाबरत होतो! पुढे तीच वेल वर चढून छत्रासारखी पसरते आणि झाडाच्या मोठमोठ्या फांद्या मोडून टाकते. आसक्ती सुरुवातीला जाचत नाही, हीच तिची अडचण. ‘मी यात अडकलेलो नाही’ असे वाटणे हा ती वेल कोवळी असल्याचाही पुरावा असू शकतो.

आणि ही वेल ध्यानावरही चढते. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात फोन सुरुवातीलाच जमा होतो, बोलणे बंद होते. काही दिवसांनी अनेकांना शरीरभर सूक्ष्म, सुखद लहरी जाणवतात आणि मग दुसऱ्या बैठकीत ‘त्या पुन्हा का येत नाहीत’ म्हणून जीव कासावीस होतो. सत्यनारायण गोएंका यांची प्रवचने याच सापळ्याबद्दल सावध करतात : लहरी आल्या म्हणजे प्रगती झाली असे नाही, त्या आल्या-गेल्या तरी मन समतोल राहिले का, हे पाहायचे. फोन जमा केला तरी तृष्णा सोबत आत येतेच.

हा उपदेश कोणी कोणाला करायचा?

इथे विषय सामाजिक होतो. ‘आसक्ती सोडा’ हे वाक्य ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ऐकवले, तर ते धम्म राहत नाही, शोषणाची सोय होते. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना नोंदवली आहे. तिथे अस्पृश्यांनी आपल्याच पैशाने, आपल्याच पंगतीत तूप वाढले, म्हणून सवर्ण त्यांच्यावर चालून गेले. तुपाची चव हाही हक्काचा प्रश्न असू शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांतल्या बहुतेकांना साधी सुखेही पिढ्यान्‌पिढ्या नाकारली गेली होती. त्यांना त्यागाचे प्रवचन देणे क्रूरच ठरले असते.

आंबेडकरांनी ते दिले नाही. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत, दुःखावर भर देणारी चार आर्यसत्ये मूळ शिकवणीचा भाग आहेत का, असा प्रश्नच त्यांनी उपस्थित केला. बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही, संपत्तीला नकार दिला नाही, ती सन्मार्गाने मिळवण्याचा आग्रह धरला, अशी त्यांची मांडणी आहे. चार आर्यसत्यांबद्दलच्या त्यांच्या मताशी अनेक पाली अभ्यासक सहमत नाहीत. दारिद्र्याबाबत मात्र मूळ ग्रंथ त्यांच्या बाजूने उभे राहतात. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिक या व्यापाऱ्याला बुद्ध गृहस्थाची चार सुखे सांगतात : कष्टाची मिळकत असण्याचे, ती उपभोगण्याचे आणि तिच्यातून सत्कर्म करण्याचे, कर्ज नसण्याचे आणि निर्दोष जगण्याचे सुख. शेवटचे सर्वांत मोठे, पण आधीची तीन पुसून टाकलेली नाहीत. हप्त्यांवर घेतलेल्या मौजेच्या काळात ‘कर्ज नसण्याचे सुख’ हे शब्द जरा बोचतीलच. भिक्खूचा नियम वेगळा आहे, अधिक कडक आहे. तो गृहस्थाला जसाच्या तसा लावला, की त्यातून एक तर ढोंग निपजते किंवा अपराधीपणा.

आणि माणसांवरच्या प्रेमाचे काय?

अनासक्ती म्हणजे कोरडेपणा, हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आहे. मुलाच्या आजारपणात ज्याचा जीव खाली-वर होत नाही, असा माणूस कोणाला हवा आहे? केवळ व्याख्यांनी या आक्षेपाचे समाधान होत नाही. म्हातारपणीचे बुद्ध पाहिले तर काही हाती लागते. महापरिनिब्बान सुत्तात, मृत्यू जवळ आला असताना, ते आनंदाला वैशालीची एकेक जागा नावाने दाखवतात आणि प्रत्येक जागा किती रमणीय आहे ते सांगतात. सौंदर्य दिसायचे बंद झालेल्या माणसाचे हे बोलणे नाही.

सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे त्यांचे दोन सर्वांत जवळचे शिष्य त्यांच्याआधी गेले. त्यानंतर काही दिवसांनी गंगेच्या काठी, उक्कचेल इथे भिक्खू जमले होते. संयुत्त निकाय सांगतो, की बुद्धांनी जमलेल्या मंडळींवर नजर फिरवली आणि ते दोघे नसल्याने ही सभा आपल्याला रिकामी वाटते, असे ते सर्वांसमोर म्हणाले. शोक करत बसले नाहीत, पण रिकामी जागा भरलेली आहे असेही दाखवले नाही.