मोदकाला मोमो म्हणू नका

डोरेमॉन न पाहिलेला कॅडेट आमच्या हाऊसमध्ये सापडणार नाही. (आता कुणी कबूल करणार नाही, तो भाग वेगळा.) नोबिता, शिझुका, जियान ही नावं आपल्याला पाठ आहेत. पण २०१४ मध्ये हीच जपानी मालिका अमेरिकेत दाखवली, तेव्हा नोबिताचा 'नोबी' झाला, शिझुकाची 'सू' आणि जियानचा 'बिग जी'. चॉपस्टिक जाऊन काटे आले, येनच्या जागी डॉलर आले. त्याच्या कितीतरी आधी पोकेमॉनच्या अमेरिकन आवृत्तीत ब्रॉक हातातल्या ओनिगिरीला, म्हणजे भाताच्या गोळ्याला, चक्क जेली भरलेला डोनट म्हणतो! चित्रात भात स्पष्ट दिसतो आहे.

तिथल्या मुलांना कळणार नाही म्हणून हे केलं. मला हे मुलांना कमी लेखणं वाटतं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी मुलं एकत्र बसून डोरेमॉन पाहायचो. जपान कुणीच पाहिलं नव्हतं, तरी 'नोबिता' या नावाने कुणाचं काही अडलं नाही.

शिवाय मूळ शब्द ठेवले की त्यात कधी कधी आपलंच काही निघतं. नारुतोमधल्या पेनच्या सहा देहांची नावं देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत आणि नरक या बौद्ध धर्मातल्या सहा गतींवरून घेतली आहेत. त्या भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचल्या. माझा एक मित्र 'प्रेत' हा जपानी शब्द समजत होता! नेजीच्या कपाळावर मूळ चित्रकथेत 'मांजी' आहे, म्हणजे आपलं स्वस्तिक. पडद्यावर त्याची फुली झाली. युरोप-अमेरिकेत त्या चिन्हात लोकांना हिटलर दिसतो, त्यामुळे हा एक बदल मी समजू शकतो. डोनटचा नाही.

आता आपल्या मेसमध्ये या. गणेशचतुर्थीला मोदक आले की उत्तरेकडचे दोस्त 'मीठा मोमो' म्हणतात. चेष्टेत ठीक आहे. पण मासिकासाठी लिहितानाही सल्ला मिळतो, सगळ्यांना कळेल असं लिही, पुरणपोळीऐवजी 'गोड पराठा' लिही. २०२३ चा 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला, मराठीतही. त्यात माइल्स 'चाय टी' म्हणतो, तेव्हा पवित्र प्रभाकर त्याला तिथेच अडवतो की चाय म्हणजेच टी. शब्द तसाच राहिला आणि अर्थही कळला.

म्हणून माझी सूचना अशी: मराठी शब्द राहू द्यावेत आणि पानाच्या तळाशी एका ओळीची टीप द्यावी. शनिवारच्या सिनेमाआधीही एखाद्या कॅडेटने दोन मिनिटं पार्श्वभूमी सांगावी; जपानी असो वा अमेरिकन.

मोदकाची टीप मी लिहून ठेवली आहे. तांदळाच्या पिठाची उकड, आत ओलं खोबरं आणि गूळ, वरून तूप. लाल चटणी मागू नये.