तंबू घ्या, पण चटकन उठता येईल असा

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. या दिवसांत किहीमच्या वाळूवर गळ टाकून बसलेली माणसं हमखास दिसतात. मुंबई-पुण्याचे हौशी असतात, तशी आपल्या मोहल्ल्यांतली पोरंही असतात. आता घडीचे तंबूही आले आहेत. वर्गातली मोठी मुलं विचारतात, "सर, कोणता घेऊ?" प्रश्न चैनीचा वाटेल, पण पावसाळी समुद्रापाशी तो जिवाचा आहे.

माझं मत सरळ आहे. तंबू पाऊस किती अडवतो हे नंतर बघा. त्यातून किती लवकर उठता येतं, हे आधी बघा.

चारही बाजूंनी बंद, तळ शिवलेला तंबू घरासारखा वाटतो. तीच त्याची खोड. आतून भरती दिसत नाही, आभाळ दिसत नाही आणि मांडलेला पसारा आवरायचा कंटाळा येतो. "अजून दहा मिनिटं" म्हणत माणूस बसून राहतो. कॅनडा-अमेरिकेत गोठलेल्या तळ्यांवर तंबू टाकून मासे धरतात. तिथेही बंद तंबूत शेगडी पेटवून माणसं गुदमरून मेली आहेत. मिनेसोटा राज्यात थंडी सरताना बर्फावरच्या झोपड्या ठरलेल्या तारखेपर्यंत हलवाव्याच लागतात, कारण खालचा बर्फ टिकणारा नसतो. आपली किनाऱ्याची वाळू तर रोज दोनदा पाण्याखाली जाते.

कोकणात यावरचं उत्तर जुनंच आहे: इरलं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं ते छप्पर डोक्या-पाठीवर घेऊन बाया भातलावणी करायच्या. हात मोकळे, नजर मोकळी. माणूस उठला की छप्परही उठलं.

म्हणून एक बाजू पूर्ण उघडी, तळ नसलेला, एकट्याला दोन-तीन मिनिटांत मिटता येईल असा आडोसा घ्या. रंग भडक असू द्या, म्हणजे लांबून कुणाला तरी दिसाल. खुंट्या कोरड्या वाळूत धरत नाहीत; पिशव्यांत वाळू भरून पुरा आणि दोऱ्या त्यांना बांधा. पावसाळी वारा समुद्रावरूनच येतो, त्यामुळे पाठ पाण्याकडे करायचा मोह होतो. तसं करू नका. तंबू तिरका लावा, थोडं भिजा, पण पाणी नजरेत ठेवा.

विजेपासून कोणताही तंबू वाचवत नाही. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवा आणि पक्क्या घरात किंवा गाडीत जा. सुरूच्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय परतू नका.

भरतीचा अंदाज तर आपल्या हिजरी कॅलेंडरमध्येच आहे. चाँदरातीनंतरचे दोन-तीन दिवस आणि चौदा ते सोळा तारखा उधाणाच्या. त्या दिवशी बैठक आणखी मागे घ्या.

काही जण म्हणतात, मौत लिहिलेली असते, एवढा विचार कशाला? उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं एकाने विचारलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं होतं. तवक्कुल म्हणजे बेफिकिरी नव्हे. मुलाला तंबू घेऊन देणाऱ्या अब्बा-अम्मींनी पैशांबरोबर ही अटही द्यावी: गळाला जिताडा लागलेला असला तरी ढग गरजले की दोरी कापायची आणि घरी यायचं.