रेकॉर्डिंग जरूर ठेवा, थेट चित्र जपून द्या

मुंबईला जसे मनीश मार्केट, तसे कोलकात्याला खिदिरपूरचे फॅन्सी मार्केट. 1892 मध्ये सुरू झालेल्या गोदीच्या परिसरात परदेशी आणि इलेक्ट्रॉनिक मालाचा हा बाजार वाढला. गाळ्याला गाळा खेटलेल्या अशा गजबजलेल्या बाजारात कॅमेरा ही चैन नाही, गरज आहे. पण चोरीचा पुरावा हाती राहावा म्हणून रेकॉर्डिंग करणे आणि तेच चित्र इंटरनेटवरून मोबाइलवर थेट आणणे, हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्यासाठी डीव्हीआर आणि त्यातली हार्ड डिस्क पुरते. दुसऱ्यासाठी तोच डीव्हीआर बाहेरच्या जगाशी जोडावा लागतो. खिदिरपूर असो वा लातूर, कॅमेरे बसवून घेताना हे दोन्ही निर्णय एका दमात उरकण्याचा मोह होतो. थेट चित्राचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा आणि तो होईपर्यंत डीव्हीआर बाहेरून बंदच राहायला हवा.

जोडणीच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत राउटरमधले पोर्ट उघडतात: थेट चित्रासाठी बहुधा 554, वेबपानासाठी 80. दुसरीत डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की कंपनीच्या सर्व्हरमार्फत चित्र मोबाइलवर येते. पहिल्या पद्धतीत मालकासाठी उघडलेले दार साऱ्या इंटरनेटसाठी उघडे राहते आणि अशी दारे रात्रंदिवस शोधत फिरणारे प्रोग्रॅम कमी नाहीत. 2016 मधल्या ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने ते दाखवून दिले. कारखान्यातून येणाऱ्या सुमारे 60 युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या आजमावत त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘डाइन’ (Dyn) कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. ताबा गेलेला कॅमेरा एरवी नेहमीसारखाच चालत असल्याने मालकाला काही बिघडल्याचा पत्ताही लागत नाही.

शिवाय नुकसान मालकाचेच होते असे नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्या महिलांची चित्रणे यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीला ठेवल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. तिथल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड ‘ॲडमिन123’ असा, कुणालाही सुचावा इतका सोपा होता, असे तपासात पुढे आले. कॅमेरा रुग्णालयाचा, निष्काळजीपणा यंत्रणेचा, आणि किंमत मोजली त्या महिलांनी. थेट चित्राचा निर्णय ही मालकाची खासगी बाब नाही, ती यासाठी. चित्रात दिसणाऱ्या माणसाचा हक्क न्यायालयांनीही मानला आहे. राहत्या घराच्या आत, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे, असे कोलकाता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तो निकाल घरापुरता आहे, हे खरे. पण एका छपराखाली राहणाऱ्या नातलगाची संमती लागत असेल, तर दुकानात दिवसभर राबणाऱ्या नोकराला निदान आपले चित्र कोण पाहते हे कळायला नको का?

यावर व्यापारी म्हणतील, मालक परगावी गेला तर दुकानावर नजर कशी ठेवायची? ही अडचण खरी आहे आणि तिला उपायही आहे. राउटरवर व्हीपीएन बसवला की डीव्हीआर बाहेरून दिसत नाही. मालक आधी ओळख पटवून दुकानाच्या नेटवर्कमध्ये शिरतो, मग चित्र पाहतो. सामायिक पत्त्याच्या ब्रॉडबँडवर हे जमत नसेल तर कंपनीचे ॲप वापरावे. पण पासवर्ड नवा हवा, सोय असेल तिथे ओटीपीची दुहेरी पडताळणी हवी आणि इतरांना फक्त पाहण्यापुरते वेगळे खाते हवे. मोबाइलवर हलक्या दर्जाचे चित्र पुरते; स्पष्ट चित्र डिस्कवर राहू द्यावे. शिवाय दिवसभर मोबाइलकडे कुणीच पाहत बसत नाही. रात्री हालचाल टिपून येणारी सूचना आणि सकाळी शाबूत असलेले रेकॉर्डिंग यांचाच खरा उपयोग होतो.

दुसरा आक्षेप असा की, आता सरकारनेच नियम केले आहेत. 9 एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या, हे स्वागतार्हच आहे. पण या चाचण्या नव्या मालाच्या. भिंतीवर आधीपासून टांगलेल्या कॅमेऱ्यांना त्यांचा उपयोग नाही आणि बसवणाऱ्याने राउटरमध्ये उघडलेले पोर्टही त्या बंद करत नाहीत. तिसरा मुद्दा शाळांचा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांत कॅमेरे सक्तीचे केले. मग वर्गातले थेट चित्र पालकांनाही द्या, अशी मागणी होणे स्वाभाविक आहे. दिल्ली सरकारने 2019 मध्ये तशी योजना सुरूही केली होती. परंतु त्यात प्रत्येक पालकाच्या मोबाइलवर इतर सगळ्यांची मुलेही पोहोचतात. जबाबदार व्यक्तीने रेकॉर्डिंग नियमित तपासले आणि तक्रार येताच ते पोलिसांच्या हाती दिले, तर मुलांचे रक्षण अधिक नेमकेपणाने होईल.

म्हणून बसवणाऱ्याच्या बिलावरच चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कारखान्याचा पासवर्ड बदलला, राउटरचे पोर्ट आणि आपोआप पोर्ट उघडणारी यूपीएनपी सोय बंद केली, डीव्हीआरचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले, आणि थेट चित्र कोणाकोणाला दिसते त्यांची नावे. फॅन्सी मार्केटसारख्या बाजारांतल्या व्यापारी संघटना, सोसायट्या आणि शाळांची व्यवस्थापने यांनी देखभालीच्या करारातच ही अट घालावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. नोकर सोडून गेला, देखभालीचा कंत्राटदार बदलला, की त्या यादीतले नाव आणि त्याचे खाते त्याच दिवशी काढावे.