गॅरेज आहे, गाडी नाही

आमच्या घराच्या बाजूला दहा बाय सोळाचं गॅरेज आहे. घर बांधताना नकाशात होतं म्हणून बांधलं; गाडी काही आली नाही. "सर, गाडी कधी घेताय?" असं मिरजेतले शेजारी सात वर्षं विचारत होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथलं भंगार काढलं आणि गॅरेजची सुतारकामाची खोली केली. आता प्रश्न बदललाय. "सर, मिस्त्री कधीपासून झालात?"

विचारणारा हसत विचारतो. त्या हसण्याविषयीच आज लिहायचं आहे.

माझे अब्बा सुतारकाम करणारे मिस्त्री होते. लहानपणी मी रंध्याला हात लावला की म्हणायचे, "तू कलम पकड. रंधा मेरेकू रहनेदे." मी कलम पकडली. बी.एड. झालो, उर्दू आणि मराठी शिकवू लागलो. लग्नाच्या बोलणीत कुणी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "वडिलांचा फर्निचरचा व्यवसाय आहे." अब्बा शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत. ते गेल्यावर त्यांची अवजारांची पेटी मी माळ्यावर टाकली. ती अकरा वर्षं तिथंच होती.

पेटी खाली काढली तेव्हा पटाश्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. रॉकेल, पॉलिश पेपर आणि धारेचा दगड घेऊन चार संध्याकाळ बसलो. अर्ध्या वाचल्या.

मग खोली. आधी छप्पर, मग जमीन, मग वीज आणि शेवटी लाकूड, हा क्रम अब्बांचा. पत्र्याचे गळके स्क्रू बदलून रबरी वॉशर घातले. पावसाचं पाणी शटरखालून आत यायचं, म्हणून तीन इंचाचा उंबरठा घातला. भिंतींना पांढरा रंग दिला, कारण अंधारात करवत चालवणं म्हणजे बोटांशी वैर.

विजेसाठी जो मुलगा आला तो माझाच माजी विद्यार्थी निघाला. नववीत माझ्याच विषयात नापास झालेला. "याचं काही खरं नाही," असं त्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये मी म्हटल्याचं मला आठवतंय. त्यालाही आठवत असेल, पण तो काही बोलला नाही. भिंतीकडे बघून म्हणाला, "सर, ही वायर दीडची आहे. इथं कटर चालवणार असाल तर चारची घालू, मेनबोर्डापासून वेगळी लाइन घेऊ." त्याने अर्थिंग तपासलं आणि आरसीसीबी बसवला. तीस मिलिअँपियर गळती झाली तरी तो वीज तोडतो, का तोडतो, हे मला बसवून समजावलं. इतकं नीट मी त्याला समास कधी शिकवले नव्हते.

काम करायचं टेबल पाडलेल्या घराच्या जुन्या तुळयांचं केलं. उभं राहून हात सैल सोडला की मनगट जिथं येतं तिथं टेबलाची उंची. माझी 33 इंच आली. भिंतीला प्लायवूड ठोकून त्यावर प्रत्येक अवजाराची आकृती काढली, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच दिसतं. सगळा खर्च 22 हजार. सेकंडहँड गाडीच्या पहिल्या हप्त्याइतकाही नाही.

भाषेचा मास्तर असल्यामुळे त्या भिंतीकडे बघताना शब्दच आधी दिसतात. अवजार, रंधा, कारागीर, कारखाना, हुन्नर हे सगळे फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. उस्तादाचा आपण वस्ताद केला. 'मिस्त्री' तर पोर्तुगीजांकडून आला, आणि तिकडे त्याचा अर्थ होता गुरू, आपल्या कामात निष्णात माणूस. शब्द आपण मानाने घेतले. त्या शब्दांची माणसं मात्र दाराबाहेर ठेवली.

आमच्या मिरजेत हे फार खटकतं. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगार कुटुंबांनी, हत्यारांचं काम मागे पडल्यावर, तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, वाळवायचा, कापायचा आणि त्यातून सूर काढायचा. मैफिलीत गाणाऱ्याला दाद मिळते. वाद्य कुणी घडवलं हे क्वचितच कुणी विचारतं.

आमच्या समाजात हातावर पोट असणारे पुष्कळ. मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांहून जास्त आहे, हे 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंदलेलं आहे. गॅरेजवाले, वेल्डर, रंगारी, शिंपी आमच्या प्रत्येक गल्लीत सापडतील. हजरत दाऊद लोखंडाचं काम करायचे आणि हजरत जकरिया सुतार होते, हे आम्ही मुलांना मकतबमध्ये सांगतो. आणि घरी आल्यावर म्हणतो, "अभ्यास कर, नाहीतर मिस्त्री होशील." मराठी माणूसही गोरोबाकाकांना हात जोडतो आणि कुंभाराशी घासाघीस करतो. यात आपण सगळे सारखेच.

शाळेचं काय? 1937 साली वर्ध्याच्या परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा असावा असा आराखडा दिला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्याची कल्पना आहे. पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी 1983 पासून हे करून दाखवलं. मार्ग ठाऊक नाही असं नाही. पण मी स्वतः काय केलं? कार्यानुभवाच्या तासाला व्याकरण उरकलं आणि वर्षाअखेरीस सगळ्यांना 'अ' श्रेणी दिली. एकाही मुलाच्या हाती पटाशी दिली नाही. दोष फक्त सरकारचा आहे असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. सुताराच्या पोराने सुतारच व्हावं, असा याचा अर्थ होणार का? 1953 साली मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली. जातीचा धंदा पोराच्या गळ्यात बांधणारी म्हणून तिला कडाडून विरोध झाला आणि ती मागे घ्यावी लागली. विरोध योग्यच होता. अब्बांनी मला रंध्यापासून दूर ठेवलं ते याच भीतीने.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: करवत डॉक्टरच्या मुलीच्याही हाती द्या, वकिलाच्या मुलाच्याही. सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच देऊ नका. आणि शिकवायला गावातला मिस्त्री बोलवा. त्याच्याकडे बी.एड. नाही म्हणून त्याला दारात उभं करू नका. त्याला तासाचे पैसे द्या, शिक्षकांच्या खोलीत खुर्ची द्या, आणि मुलांना त्याला 'सर' म्हणायला लावा. निम्मं शिक्षण तिथंच होईल.

दर रविवारी गल्लीतली पाच-सहा मुलं गॅरेजमध्ये येतात. पहिलं काम एकच, डगमगणार नाही असं स्टूल. चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत सहसा तीन रविवार जातात.

माझा मुलगा यंदा दहावीला आहे. परवा म्हणाला, "अब्बू, मला आय.टी.आय. करायचंय." मी गप्प झालो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "दुसऱ्यांच्या पोरांना करवत देताना बरं वाटत होतं ना? आता का तोंड उतरलं?"

उत्तर सुचलं नाही. रात्री गॅरेजमध्ये जाऊन दिवा लावला आणि अब्बांचा रंधा त्याच्या आकृतीवर नीट टांगला. सकाळी मुलाला सांगितलं, मार्क किती पडतात ते बघून नाही, तुला काय जमतं ते बघून ठरवू. अर्ज भरायला तुझ्यासोबत मी येईन. तिथं वडिलांचा व्यवसाय विचारतील तेव्हा शिक्षक लिही. आणि आजोबांचा कुणी विचारला, तर सुतार सांग.