देणगीची पावती आणि आईचा हक्क

सप्टेंबर २०२४ मध्ये चीन सरकारने परदेशी कुटुंबांना मुले दत्तक देणे बंद केल्याचे जाहीर केले. जवळच्या रक्तसंबंधातील नातेवाइकांची मुले आणि सावत्र मुले एवढाच अपवाद ठेवण्यात आला. १९९२ साली दत्तकाचा कायदा अमलात आल्यापासून एक लाख साठ हजारांहून अधिक मुले चीनबाहेर गेली होती आणि त्यांतील निम्मी एकट्या अमेरिकेत. ही घोषणा होताच पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. ज्या कुटुंबांना मूल नेमून दिले गेले होते, पण प्रवासाची परवानगी मिळाली नव्हती, त्यांचे दुःख खरे होते. त्या मुलांची ताटातूट तर अधिकच क्रूर होती. परंतु या साऱ्या चर्चेत एका पक्षाचा उल्लेख क्वचितच झाला. तो पक्ष म्हणजे या मुलांना जन्म देणारी आई.

या व्यवहाराचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. अमेरिकन जोडपे, पुष्कळदा घरातील मोठी भावंडे व आजीआजोबांसह, सुमारे दोन आठवड्यांसाठी चीनमध्ये येई. मूल ज्या प्रांतातले, त्याच्या राजधानीत ते ताब्यात मिळे आणि तेथेच दत्तकाची नोंद होई. मग सारे कुटुंब ग्वांगचौला जाई, कारण मुलाची वैद्यकीय तपासणी आणि अमेरिकेचा व्हिसा तेथे होत असे. अमेरिकन वकिलातीशेजारच्या व्हाइट स्वान हॉटेलात अशा कुटुंबांची एवढी वर्दळ असे की, एका अमेरिकन खेळणी कंपनीने तेथे उतरणाऱ्यांसाठी कडेवर चिनी बाळ घेतलेली खास बाहुली काढली होती. २००५ या एका वर्षात जवळजवळ ७,९०० मुले या मार्गाने अमेरिकेत गेली. प्रवास, हॉटेल, मध्यस्थ संस्थेची फी यांच्या जोडीला प्रत्येक कुटुंबाने अनाथालयाला सुमारे ३,००० डॉलरची ‘देणगी’ द्यायची असे. ही देणगी ऐच्छिक नव्हती. ती व्यवहाराची अट होती.

अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात की, जेथे प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम मिळते तेथे पुरवठा वाढतो. हा नियम मुलांना लागू करताना मन कचरते. परंतु तो लागू झाला, ही वस्तुस्थिती आहे. २००५ साली हूनान प्रांतातील अनेक अनाथालये दलालांकडून तान्ही मुले विकत घेत असल्याचे उघडकीस आले आणि २००६ मध्ये दलालांना व एका अनाथालयाच्या प्रमुखाला शिक्षा झाली. त्याच प्रांतातील लोंगहुई तालुक्यात कुटुंबनियोजनाचे अधिकारीच गावकऱ्यांची मुले उचलून अनाथालयात पोचवीत असत; २०११ साली चिनी पत्रकारांनीच हे जगापुढे आणले. ज्या शेतकऱ्याला दंड भरता आला नाही, त्याचे मूल गेले. कागदावर मात्र ते ‘बेवारस’ ठरले.

या दंडाचा आणि त्या देणगीचा हिशेब एकत्र मांडला म्हणजे सारे चित्र स्पष्ट होते. एक मूल धोरणाखाली परवानगीवाचून जन्मलेल्या मुलासाठी आईबापांकडून जबर रक्कम वसूल केली जाई. ती स्थानिक वार्षिक उत्पन्नाच्या पटीत आकारली जात असे. म्हणजे मूल ठेवायचे तर शेतकऱ्याने शासनाला पैसे द्यायचे आणि मूल न्यायचे तर परदेशी माणसाने शासनाच्या अनाथालयाला पैसे द्यायचे! ज्याच्यापाशी डॉलर होते त्याला वात्सल्य परवडले आणि जिच्यापाशी युआन नव्हते तिला ते परवडले नाही. याला दातृत्व म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे.

यावर ठरलेले उत्तर असे की, चिनी माणसाला मुली नकोतच. मुलीचे दुय्यम स्थान कोणी नाकारीत नाही. भारतीयांना तर या बाबतीत चीनकडे बोट दाखवण्याचा अधिकारच नाही. परंतु केवळ संस्कृतीला दोष देऊन भौतिक कारणे लपत नाहीत. कम्यून मोडल्यावर चिनी शेतकऱ्याला म्हातारपणीचा आधार उरला तो मुलाचाच. निवृत्तिवेतनाची योजना खेड्यात पोचायला २००९ साल उजाडले. एकच संततीची, काही भागांत पहिली मुलगी असेल तर दुसरीची, मुभा मिळाल्यावर आईबाप कोणती निवड करतील हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय मुली सांभाळायला तयार असलेली चिनी कुटुंबेही होती. परंतु लोक आपल्याच मुली नातलगांच्या नावे करून नियम चुकवतील या भीतीने शासनाने देशांतर्गत दत्तकावर कडक अटी घातल्या. दत्तक घेणाऱ्याचे वय किमान ३५ आणि तो निपुत्रिक असला पाहिजे, ही अट १९९८ च्या दुरुस्तीपर्यंत कायम होती. घरात मुलगा असलेल्या आणि मुलगी हवी असलेल्या शेतकऱ्याला कायद्याने अडवले. विमानाने येणाऱ्याला वाट मोकळी राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हजारो मुले खरोखरच टाकलेली होती; पुढच्या काळात तर परदेशी गेलेल्यांत अपंग व आजारी मुलांचेच प्रमाण मोठे होते; त्यांना घर मिळाले हे वाईट झाले काय? मुळीच नाही. ज्या आईबापांनी ही मुले पोटच्यासारखी वाढवली, त्यांच्या मायेवर शंका घेणे अन्यायाचे होईल. परंतु व्यक्तीच्या सद्हेतूने व्यवस्थेचा दोष धुतला जात नाही. एका आईची माया सिद्ध करण्यासाठी दुसऱ्या आईला कागदावरून पुसून टाकण्याची गरज काय होती, एवढाच प्रश्न आहे.

चीनच्या झेंड्याचा रंग पाहून कोणी कार्यकर्ता येथे अडखळत असेल, तर त्याने अडखळू नये. स्त्रीच्या गर्भाशयावर कोटा बसवणारी आणि तिच्या मुलामागे डॉलर घेणारी राजवट समाजवादी ठरत नाही. आणि हा दोष एका राजवटीचा नाही, हे दक्षिण कोरियाने दाखवून दिले आहे. अमेरिकेच्या छायेतील त्या भांडवलशाही देशाने लष्करी राजवटीत, १९८५ या एका वर्षात ८,८०० हून अधिक मुले परदेशी धाडली. तेथे तर दत्तक घेणाऱ्याला येण्याचेही कष्ट नव्हते. सोबत्याबरोबर मूल विमानतळावर पोचते केले जाई. मार्च २०२५ मध्ये त्याच देशाच्या सत्य व समेट आयोगाने निष्कर्ष काढला की, आईबाप ठाऊक असलेल्या मुलांना अनाथ दाखवले गेले, नोंदी बनावट केल्या गेल्या आणि शासन याला जबाबदार आहे. अविवाहित व दरिद्री आईला आधार देण्यापेक्षा तिचे मूल बाहेर धाडणे दोन्ही राजवटींना स्वस्त पडले.

भारताने या बाबतीत एक चांगला पाया घातलेला आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने प्रत्यक्ष देणे-घेणे हा दत्तकाचा आवश्यक भाग मानला आणि दत्तकाच्या मोबदल्यात पैसे देणे-घेणे दंडनीय ठरवले. जुन्या दत्तकविधानात वंश, जात, मालमत्ता यांचे कितीही ओझे असले तरी देणारा आणि घेणारा समोरासमोर असत. मूल कोणाचे हे गावाला ठाऊक असे. आंतरराष्ट्रीय व्यवहाराने नेमका देणाराच नाहीसा केला. पुढे ६ फेब्रुवारी १९८४ रोजी लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाला शिस्त लावताना भारतीय कुटुंबाला अग्रक्रम दिला. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिने दिलेले आहेत. १९९३ च्या हेग कराराचे मर्मही हेच की, मूल आपल्या जन्मकुटुंबात राहावे म्हणून प्रथम प्रयत्न व्हावा आणि या व्यवहारातून कोणी अनुचित नफा मिळवू नये. चीननेही तो करार मान्य केला होता. म्हणजे नुसत्या सह्यांनी आई सुरक्षित होत नाही.

आज भारतात दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची रांग लांब आहे आणि कायद्याने मोकळी झालेली मुले थोडी आहेत. म्हणून ‘प्रक्रिया सुलभ करा’ अशी ओरड होते. कचेऱ्यांतील दिरंगाई अवश्य दूर व्हावी. परंतु रांगेत उभ्या असलेल्यांची संख्या हे मुलांच्या ‘टंचाई’चे माप नव्हे. सोडलेली मुले कमी असणे ही समाजाला आनंदाची गोष्ट वाटली पाहिजे. आईने दिलेला फेरविचाराचा अवधी कमी करा, अशी मागणी उद्या आली तर तिला ठाम विरोध झाला पाहिजे.

चळवळीच्या मागण्या त्यामुळे स्पष्ट असाव्यात. एकट्या आईला प्रसूतीपासून निवारा, रोजगार आणि पाळणाघर मिळावे. दारिद्र्य हे मूल सोपवण्याचे कारण उरू नये. परदेशी गेलेल्या प्रत्येकाला आपल्या जन्माच्या नोंदी पाहण्याचा हक्क असावा, आणि आईची संमती असेल तेथे भेटीची वाट शासनाने खुली करावी. मुलामागे देणगी ही पद्धत जेथे असेल तेथे मोडून काढावी. चीनने दार लावून घेतले, पण आतली कपाटे उघडली नाहीत. जी मुले आज विशी-तिशीत आहेत ती हूनानच्या गावोगाव आपली आई शोधत फिरत आहेत आणि त्यांच्या हाती पुरावा म्हणून काय आहे? एक देणगीची पावती.