परत जायचे, पण कोणत्या नात्याने?

परवा सकाळी आमच्या कार्यालयात एक तरुण आला. "जयभीम, साहेब" म्हणून समोर बसला. नऊ वर्षे तो एका कारखान्यात मशीनवर होता. चार महिन्यांपूर्वी मंदीचे कारण सांगून व्यवस्थापनाने बावीस जणांना कमी केले, त्यात तोही होता. आता कारखान्याला पुन्हा ऑर्डरी आल्या आहेत. जुन्या सुपरवायझरने फोन केला, "तू तर घरचाच माणूस. सोमवारपासून ये. फक्त या वेळी ठेकेदाराच्या नावावर." घरी बायको म्हणते, जा, पोरांची फी भरायची आहे. आई म्हणते, ज्यांनी हाकलले त्यांच्या दारात पुन्हा कशाला? "साहेब, काय करू?"

हा प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नाही. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी मजुरांना वाऱ्यावर सोडले, त्यांच्यातल्याच कित्येकांनी पुढे काही महिन्यांत गाड्या पाठवून त्यांना परत बोलावले. गरज संपली की मजूर परका आणि गरज पडली की घरचा! हे घरपण पगारपत्रकावर मात्र कुठेच दिसत नाही.

आई स्वाभिमानाचे बोलते, बायको पोटाचे बोलते. दोघीही खऱ्या आहेत. पण या दोन्हींच्या मध्ये तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे हक्क. त्याबद्दल आपल्या वस्त्यांत कोणी बोलत नाही.

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेचे कलम ७२ काय सांगते? कपातीत कमी केलेल्या कामगाराला, मालक वर्षभरात नवी भरती करणार असेल तर, आधी संधी द्यावी लागते आणि इतरांपेक्षा त्याला अग्रक्रम मिळतो. म्हणजे परत बोलावणे ही मालकाची मेहेरबानी नाही, ते त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-एच खाली हाच हक्क होता आणि त्याला वर्षाची मर्यादा नव्हती. नव्या संहितेने ती घातली. दुसरीकडे, कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १०० कामगारांच्या कारखान्याला होते, ते आता ३०० वर नेले. बाहेर काढण्याचा दरवाजा रुंद झाला, आत येण्याचा अरुंद झाला. याला सुधारणा कोणाच्या सोयीने म्हणायचे?

ठेकेदाराचा डाव इथेच कळतो. त्याच्या नावावर गेलात की तुम्ही त्याचे नवे कामगार. मशीन तेच, काम तेच, पण नऊ वर्षे पुसली गेली आणि अग्रक्रमही गेला. कारखान्याच्या मुख्य कामावर कंत्राटी कामगार लावायला नव्या संहितेत मनाई आहे खरी, पण तिला अपवाद इतके की त्यांतून हत्ती जावा.

आणखी एक गोष्ट समाजबांधवांनी गाठीशी बांधावी. हा हक्क कपात झालेल्याला आहे, राजीनामा दिलेल्याला नाही. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी कपात करताना कामगाराकडून राजीनाम्यावर सही घेतली जाते. बाहेर कसे पडलात, यावर परत कसे जाल ते ठरते. सुदैवाने या तरुणाने सही केलेली नव्हती.

बाबासाहेब १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत गेले. शिष्यवृत्तीच्या करारामुळे दहा वर्षे सेवा देणे त्यांच्यावर बंधनकारक होते. तिथे राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी त्यांना बाहेर काढले गेले आणि ते मुंबईला परतले. घरची गरिबी त्यांनाही होती. पण जिथे माणूस म्हणून डोक्यावर छप्पर मिळत नाही, तिथली नोकरी करारानेही टिकत नाही, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना त्यांनी मांडले की, संप केला म्हणून कामगाराला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय.

म्हणून पोटासाठी परत जाणाऱ्याला आम्ही लाचार म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितले की, भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीसुद्धा संविधानाच्या कलम २३ खालची वेठच आहे. दोष भुकेल्याचा नाही, भुकेचा फायदा घेणाऱ्याचा आहे. परत जा, पण उपकाराच्या नात्याने जाऊ नका, हक्काच्या नात्याने जा.

त्या तरुणाला आम्ही चार गोष्टी सांगितल्या. फोनवर हो म्हणू नकोस. कंपनीला स्पीड पोस्टाने पत्र लिही की, कलम ७२ प्रमाणे मी कामावर येण्यास तयार आहे. ग्रॅच्युइटी आणि कपातीची भरपाई हाती पडेपर्यंत "काही येणे बाकी नाही" या कागदावर सही करू नकोस. आणि भविष्यनिर्वाह निधी काढू नकोस, कारण पेन्शनला दहा वर्षे लागतात आणि तुझी नऊ झाली आहेत. शेवटी विचारले, "बाकीचे एकवीस कुठे आहेत?" तो म्हणाला, "सगळ्यांना फोन आलाय साहेब, पण आम्ही एकमेकांशी बोललोच नाही."

मालकाचे बळ नेमके इथेच आहे. एकट्याने गेलात तर ठेकेदाराचे मजूर, बावीस जण गेलात तर कारखान्याचे कामगार.

सोमवारी तो गेटवर गेला नाही. संध्याकाळी चौदा जणांना घेऊन आमच्या कार्यालयात आला. खुर्च्या कमी पडल्या, काही जण जिन्यावर बसले. पत्रावर पंधरा सह्या झाल्या. उरलेल्या सातांकडे ते स्वतः जाणार आहेत.